मानसिंगची चार बोटं

तुर्भ्याच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं प्रेस मशीनवर पत्रे दाबणाऱ्या मानसिंग जगदाळेनं बेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकायला घेतली. भाचा नोकरीसाठी मस्कतला गेला आणि गिटार मामाकडे टाकून गेला, एवढंच निमित्त.

वाशीच्या क्लासमधल्या सरांनी पहिला धडा दिला. डाव्या हाताची चार बोटं तारेवर ओळीनं दाबायची, एक-दोन-तीन-चार. मग पुढची तार. रोज दहा मिनिटं, हलक्या हातानं. हलका हात मानसिंगच्या धंद्यात बसत नव्हता. रविवारी त्यानं कोपरखैरण्याच्या घरात आठ तासांची पाळी भरली. शिवाय सर दोन महिन्यांनी शिकवणार होते तो, एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा अवघड एफ कॉर्डही धरून पाहिला. कॉर्ड वाजला नाही, बोटं सोलली.

"अहो, तार दाबायची असते, तिच्याशी कुस्ती खेळायची नसते," म्हणत बायको ज्ञानेश्वरीनं हळद भरून चारही बोटांना पट्ट्या बांधल्या.

सोमवारी गेटवरच युनियनच्या बाबासोनं त्या पाहिल्या.

"मशीन?"

एवढ्या झुपकेदार मिशा घेऊन 'गिटार' कोणत्या तोंडानं सांगणार? मानसिंग म्हणाला, "हं."

"बघा! तीन वर्सं अर्ज देतोय, मशीनला जाळीचा गार्ड लावा, मानसाचा हात आत जातो! आता गेली ना चार बोटं?"

"गेली नाहीत रे, थोडी..."

"तुमी गप बसा. तुमी जखमी हाय."

दहा वाजता युनियननं प्रेसखातं बंद पाडलं. अकराला गेटवर 'मानसिंगच्या बोटांना न्याय द्या' अशा घोषणा सुरू झाल्या. मॅनेजर निंबाळकरांनी मानसिंगला केबिनमध्ये बोलावून स्वतः खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत त्या केबिनमध्ये खुर्चीही असते हे त्याला प्रथमच कळलं.

"आठवडाभर आराम करा. फक्त बाहेर कुठं बोलू नका. काय?"

"हं," मानसिंग म्हणाला. या शब्दाचा त्याला आता सराव झाला होता.

तीन वर्षं 'विचाराधीन' असलेला गार्ड बुधवारी दुपारी लागला. निंबाळकरांनी हेडऑफिसला कळवलं की कोणताही अपघात झालेला नसताना, केवळ दूरदृष्टीनं त्यांनी गार्ड बसवला आहे. शुक्रवारी शाबासकीचं पत्र आलं. शनिवारी संध्याकाळी ते सफरचंदं घेऊन, बाबासोला बरोबर घेऊन, जखमीच्या घरी आले.

ज्ञानेश्वरीनं चहा ठेवला.

"वहिनी, फार लागलं का हो मशीनचं?" निंबाळकरांनी विचारलं.

"मशीन कसलं? गिटार वाजवून सोलली बोटं! थांबा, दाखवते." तिनं आतून गिटार आणून सफरचंदांशेजारी ठेवली.

मानसिंगला नोकरी सुटलेली स्पष्ट दिसू लागली. बाबासो छताच्या पंख्याकडे बघत बसला.

"म्हणजे अपघात झालाच नाही?" निंबाळकरांनी हळूच विचारलं.

"नाही साहेब. चुकलं माझं."

"अहो, चुकलं काय!" साहेबांचा चेहरा उजळला. "मी हेडऑफिसला तेच कळवलंय!"

नोकरीत पहिल्यांदाच त्यांचा अहवाल खरा निघाला होता. त्या आनंदात त्यांनी दोन कप चहा घेतला आणि मानसिंगचा हात हातात घेऊन इतका दाबला की तो कळवळला.

साहेबांची गाडी गेल्यावर बाबासो दारातून परत फिरला. त्यानं मानसिंगला बाजूला घेतलं.

"मानसिंगराव, रंगखात्याचा धूर काढायचा पंखा चार वर्सं बंद हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "छातीला दम लागंल अशी बासरी शिकता का?"