स्वामीमामा ऑफ झाले

जळकोटहून औशाला निघालेल्या एसटीत सोमवारी नेहमीचे कंडक्टर वीरभद्र स्वामी दिसले नाहीत. धम्मप्रिया सिस्टरनं नव्या कंडक्टरला, रुद्रेशला विचारलं, "स्वामीमामा कुठं हायत?"

"मामा ऑफ झाले," म्हणत रुद्रेश तिकिटं काढत पुढं सरकला.

त्याला साप्ताहिक सुट्टी म्हणायचं होतं. पण धम्मप्रियाच्या दवाखान्यात माणूस गेलं, की 'ऑफ झालं' असंच म्हणत. तिनं मामांना फोन लावला, तर तोही स्विच ऑफ. तिला रडूच फुटलं.

"काय झालं गं बाई?" शेजारच्या भाजीवाल्या तुळजाबाईंनी विचारलं.

"स्वामीमामा गेले! माझ्या नर्सिंगच्या परीक्षेदिवशी गाडी बंद पडली होती. मामांनी दुधाचा टेम्पो थांबवून मला बसवून दिलं. साधं थँक्यू म्हणायचं राहून गेलं."

"माझी पाटी रोज तेच चढवायचे," म्हणत तुळजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. बातमी मागच्या सीटपर्यंत गेली. गाडीत एवढी शांतता बघून आपला चांगलाच वचक बसला, असं रुद्रेशला वाटलं.

मामा त्या वेळी लातुरात होते. 'पन्नास टक्के ऑफ' अशी पाटी लावलेल्या दुकानात बायको उमादेवी साड्या बघत होत्या आणि मामांच्या खिशातला मोबाइल कधीचाच बंद पडला होता.

औशाला उतरून सगळे हार घेऊन मामांच्या घरी गेले. दाराला कुलूप.

"मातीला नेलं असंल," गाडीतून बरोबर आलेले नागप्पा गुरुजी म्हणाले. मंडळी अंगणातच बसली.

दुपारी मामा परतले. दारात गर्दी बघून ते धावतच आले आणि मागच्या माणसाला हळूच म्हणाले, "कोण गेलं हो?"

"स्वामी कंडक्टर," तो मान न वळवता म्हणाला.

"अरेरे! कोणते स्वामी?"

"ह्या घरातलेच. लई देवमाणूस."

मामा काही बोलणार, तेवढ्यात धम्मप्रिया टेम्पोची गोष्ट सांगू लागली. मामा स्वतः ती विसरून गेले होते. मग गुरुजी बोलले, तुळजाबाई बोलल्या. मामा रुमालानं डोळे पुसत ऐकतच राहिले आणि 'मी जिवंत हाय' हे सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात मागून धापा टाकत उमादेवी आल्या. "आवं, उभं काय राहिलाव? दार उघडा की! चावी तुमच्यापाशी हाय."

सगळे वळले. धम्मप्रिया किंचाळली.

"माफ करा," मामा ओशाळून म्हणाले. "मी फकस्त लातूरला गेलो होतो."

हसता हसता सगळ्यांचे डोळे पुन्हा भरले. तुळजाबाईंनी हार मामांच्याच गळ्यात घातला. "बरं झालं. न्हाईतर आमची माया तुमाला कशी कळली असती?"

चहा झाला. संध्याकाळी मामा सगळ्यांना स्टँडवर सोडायला गेले, तुळजाबाईंची पाटी त्यांनीच गाडीत चढवली आणि सवयीनं ओरडले, "चला, उदगीर, जळकोट!"

रुद्रेश चकित झाला. "मामा, तुमी आज ऑफ हाव न्हवं?"

"गप बस!" अख्खी गाडी त्याच्यावर ओरडली.