खासा गाडीच्या चिंतनाची बखर

श्रीगजवदन प्रसन्न, श्रीचतुश्चक्र प्रसन्न, आणि जो कोणी मार्गात खोळंबला असेल त्याजवर दोघेही अधिक प्रसन्न. शके १८५७, युवा नाम संवत्सरे, भाद्रपदापासून दसऱ्यापर्यंत वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. पृथ्वीवर राज्ये पुष्कळ जाहली, कित्येक उदयास आली आणि कित्येक लयास गेली, परंतु या राज्याच्या गतीपुढे वाऱ्याने वाट सोडावी, नद्यांनी उतार द्यावा, आणि खासा स्वारी निघाली म्हणजे दाही दिशांनी अंग चोरून उभे राहावे, ऐसा प्रताप. हा प्रताप चिंचेच्या वळणापर्यंत असे. चिंचेच्या वळणाशी गाडी बंद पडे.

बंद पडे हा शब्द दरबारी वर्ज्य. बांगडी फुटत नाही, वाढते, दिवा विझत नाही, शांत होतो, तद्वत खासा गाडी बंद पडत नाही, चिंतनी बैसते, ऐसा दिवाण विसाजीपंत यांनी हुकूम काढिला होता आणि त्या हुकुमापासून गाडीच्या तक्रारी एकदम थांबल्या, याचे दिवाणांस फार समाधान होते. गाडी थोरल्या महाराजांनी एका गोऱ्या साहेबापासून घेतली, तेव्हाच ती उतारवयाची होती, आणि पुढे धाकटे महाराज गादीवर आले तरी गाडी तीच राहिली, कारण की नवी घ्यावी तर जुनी बिघडली ऐसे कबूल करावे लागते. चालू लागली म्हणजे बरी चाले, चिंचेपर्यंत हसतखेळत जाई, आणि मग आचके देई, खोकल्यासारखे करी आणि गप्प होई. बैल जुंपून वाड्यावर आणावी तो पुन्हा सुरू. याप्रमाणे तीन दसरे गेले. दसऱ्यास महाराजांनी राज्याची सीमा ओलांडून आपट्याचे सोने लुटावे ही चाल, परंतु तीन वर्षे सीमोल्लंघन चिंचेखालीच उरकले, आणि शेजारच्या राज्यातील रयत सीमेच्या पलीकडे सतरंज्या टाकून, भुईमुगाच्या शेंगा फोडीत, यंदा तरी येतात काय म्हणोन वाट पाहात बसे. हे महाराजांच्या जिव्हारी लागले. मग महाराज कोपले आणि आज्ञा जाहली की यंदा गाडी सीमेपार न गेली तर सारथी धोंडजी वाघचौरे याने दसऱ्याच्या सांजेस नोकरी आणि पागेमागची खोली, दोन्ही सोडावी. त्या खोलीत धोंडजीची लेक पहिल्या बाळंतपणास आली होती आणि तिचे दिवस दसऱ्याच्या आसपासच भरत होते. धोंडजीने दिवाणांचे पाय धरिले, तो दिवाण बोलिले, "अरे, रडतोस काय? गाडीला काही झालेलंच नाही. मग तुला भीती कसली?"

मग यंत्रशास्त्री हैबतराव यांस बोलाविले. हे परमुलखी राहून यंत्रविद्या करून आले होते आणि उन्हातही गळ्यास पट्टी बांधीत. गाडी नुकतीच बैलांनी ओढून आणिली होती. हैबतरावांनी पुसिले, "काय होतं हिला?"

धोंडजी दिवाणांकडे पाहून बोलिला, "चिंतन करते, साहेब."

"म्हणजे बंद पडते?"

दिवाण खाकरले. धोंडजी बोलिला, "तसं नाही. पळता पळता विचारात पडते."

"तापल्यावर?"

"तापली असली तरी, गार असली तरी. टाकी भरलेली असली तरी. जरा बसू दिली, की उठते आपली."

मग पेट्रोल आहे की नाही हे पाहावे हा विद्येतील पहिला पाठ म्हणोन हैबतरावांनी टाकीचे झाकण फिरविले, तो आतून 'फुस्स' ऐसा लांब उसासा निघाला, आणि दिवाण हात जोडून बोलिले, "पाहिलंत? चिंतन पूर्ण झालं." मग हैबतरावांनी प्लग काढिले, पुसिले, लाविले, आणि गाडी पहिल्या खेपेस सुरू जाहली. हैबतरावांस शाल मिळाली. आठवडा न लोटता गाडी पुन्हा चिंचेखाली बैसली, मग हैबतराव आले, झाकण फिरविले, फुस्स जाहले, कॉइल बदलिली, गाडी सुरू, शाल. पुन्हा बैसली, झाकण, फुस्स, कार्बोरेटर उतरवून धुतला, गाडी सुरू, शाल. तिसऱ्या शालीस हैबतरावांस संशय आला की आपल्याने काही होत नसावे, परंतु शालीचा पोत पाहून तो फिटला. मग जोशीबुवा पुढे जाहले आणि शनीची दृष्टी इंजिनावर आहे ऐसे सांगोन, टाकीत तुळशीचे पान सोडावयास त्यांनी झाकण फिरविले, फुस्स जाहले, गाडी सुरू जाहली, आणि त्या दिवसापासून यंत्रविद्या थोर की ज्योतिषविद्या थोर यावर दरबारात दोन तट पडले, वादविवाद होऊ लागले, जेवणे लांबू लागली, आणि गाडीकडे पाहावयास कोणास सवड राहिली नाही. दसरा मात्र जवळ आला. धोंडजीने बायकोस सांगितले की भांडी बांधून ठेव, आणि ती बोलिली, "भांडी बांधीन हो, पोरीला कुठं बांधू?"

ऐसियात महाराजांच्या आत्यासाहेब, ज्यांजकडे राजवाड्याच्या कोठीचा कारभार, त्या नणंदेकडे हळदीकुंकवास निघाल्या आणि चिंचेच्या वळणाशी गाडी बैसली. धोंडजी उतरला, कपाळावर हात मारिला, आणि झाकण फिरवून पेट्रोल पाहू लागला. फुस्स. मग इंजिनाचे टप उघडून कोठे कोठे हात लाविला आणि गाडी सुरू जाहली. आत्यासाहेब बोलिल्या, "काय केलंस रे?"

"देव जाणे, आत्यासाहेब. सगळीकडं जरा जरा हात लावला."

"परत येताना बंद पडली..."

"चिंतनी बसली."

"बंद पडली, की नुसतं झाकण उघड. बाकी कशाला बोट लावायचं नाही. मी बघत्ये."

परतताना मैल दोन मैलांवर गाडी बैसली, धोंडजीने नुसते झाकण फिरविले, फुस्स जाहले, आणि गाडी सुरू जाहली. आत्यासाहेबांनी झाकण पुन्हा घट्ट लावविले आणि पुढे चालविली, तो गावकुसाशी पुन्हा बैसली, पुन्हा झाकण, पुन्हा सुरू. मग आत्यासाहेब खाली उतरल्या, पदर खोचिला आणि झाकण हाती घेऊन बोलिल्या, "अरे, तेलाचा डबा एकाच बाजूनं भोसकला तर तेल पडतं का? गुळगुळ करतं आणि थांबतं. दुसऱ्या बाजूनं भोक पाडलं की धार लागते. पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा नको आत यायला? या झाकणाला भोक कुठाय?"

भोक होते. झाकणाच्या मधोमध, मोहरीएवढे, गाडी घडविणाराने याच कामास ठेविले होते. परंतु तीन वर्षांमागे महाराजांच्या राज्यारोहणसमयी झाकणावर राजमुद्रेचा सिंह कोरिला, तो भोक नेमके सिंहाच्या कपाळी आले, आणि कपाळी भोक असलेला सिंह अशुभ दिसतो म्हणोन दिवाणांनी ते कथलाचा डाख देऊन बुजविले होते. वरून पॉलिशही केले होते.

मग दरबार भरला. आत्यासाहेब बोलिल्या, "भोक मोकळं करा, काम संपलं." हैबतराव तीन शाली आठवून गळ्याची पट्टी सैल करू लागले. दिवाण उठले आणि बोलिले, "आत्यासाहेब, भोक मोकळं करायचं म्हणजे ते बुजवलं ही चूक होती असं होतं. ते बुजवणारे आम्ही. आणि आम्हाला नेमणारे महाराज." दिवाण पुढे बोलिले, "शिवाय त्या भोकातून आत काय जाणार? हवा. कुठली? बाहेरची. आज हवा आली, उद्या काय काय येईल!" सरदारांनी माना डोलाविल्या. कोणी एक बोलिला की झाकण थोडे सैल लावावे. दिवाण बोलिले, "सैल झाकण? मग सैल राज्य म्हणा की!" तो खाली बैसला तो पुन्हा उठला नाही. आत्यासाहेब बोलिल्या, "मेल्यांनो, हवाच आहे ती. तुम्ही सगळे घेता तीच." परंतु बायकांनी यंत्रात बोलू नये ऐसे ठरून आभार मानण्यात आले. महाराजांनी मधला मार्ग काढिला की मुद्रा अभंग राहावी आणि गाडीही चालावी. मग झाकणदार ऐसे नवे पद निर्माण करून त्यावर दिवाणांचे मेहुणे बाळोजी यांस नेमिले. गाडी बैसली की बाळोजींनी उतरावे, झाकणास मुजरा करावा, उघडावे, फुस्स ऐकोन 'हवा मान्य' ऐसे मोठ्याने म्हणावे आणि पुन्हा लावावे. दुसऱ्या कोणी हात घालू नये म्हणोन झाकणास कुलूप केले आणि किल्ली बाळोजींच्या कमरेस दिली. हैबतरावांस या योजनेचे सल्लागार केले, आणि चौथी शाल.

दसरा उजाडला. धोंडजीच्या लेकीस पहाटेपासून कळा सुरू जाहल्या होत्या, तरी धोंडजीने चाक हाती धरिले. स्वारी निघाली, चिंचेखाली गाडी बैसली, बाळोजी उतरले, मुजरा, किल्ली, फुस्स, "हवा मान्य!" आणि गाडी सुरू. रयतेने जयजयकार केला. पुढे ओढ्याशी बैसली, मुजरा, किल्ली, फुस्स, "हवा मान्य!" आणि सीमेचा दगड दिसू लागला. दगडाशी बाळोजींनी गाडी थांबविली, न बैसताच एकवार झाकण उघडून लाविले, आणि खाली उतरून उभे राहिले.

महाराज बोलिले, "बसा की."

"क्षमा असावी, महाराज. माझा अंमल सीमेपर्यंत. पुढे परमुलूख. तिथली हवा मान्य करायचा अधिकार मला नाही."

मग धोंडजीने डोळे मिटून गाडी पुढे घातली आणि खासा स्वारी सीमेपार जाहली. पलीकडच्या सतरंज्यांवरील लोक शेंगा टाकून उभे राहिले. धोंडजीने गाडी थांबवून तोंडावर उपरणे धरिले आणि ऊर भरून रडला, कारण की नोकरी राहिली, खोली राहिली, आणि लेकीस आज बाजेवरून उठावे लागणार नव्हते. परंतु महाराजांस तीन वर्षांचे साचलेले शौर्य आवरेना. बोलिले, "घे पुढे."

"महाराज, झालं की. वळवू का? किल्ली मागं राहिलीय."

"विजयी वीर मागे पाहात नाहीत. घे."

घेतली. शेते मागे गेली, माणसे मागे गेली, एक देऊळ मागे गेले, महाराज उभे राहोन हवा छातीवर घेत होते, आणि मग गाडीने आचके दिले, खोकली आणि परक्या मुलखाच्या नाक्यासमोर रस्त्याच्या मधोमध चिंतनी बैसली. धोंडजीने झाकणास हात लाविला, कुलूप हालेना. नाक्यावरचा शिपाई पागोटे सावरीत आला आणि बोलिला, "कोण तुम्ही?"

महाराज बोलिले, "आम्ही सीमोल्लंघन केले आहे."

"बरं केलंत. आता गाडी बाजूला घ्या, म्हशी यायच्या आहेत."

सारांश, राज्य अभंग राहिले, मुद्रा अभंग राहिली, दिवाणांची चूक जाहलीच नाही ऐसे सिद्ध जाहले, आणि धोंडजीच्या घरी सांजेस नातू जाहला, हे धोंडजीस दुसरे दिवशी कळले. राज्याच्या इतिहासात परमुलखी इतके आत कोणीही गेले नव्हते. तेथे पुढे उभय पक्षी जे बोलणे जाहले ते इतकेच, की महाराजांनी मंदील काढून काखेत धरिला, सीमेकडे वळून कोणी पाहात नाही ना याची खात्री केली, सिंहाच्या कपाळावर बोट ठेविले, आणि हळू आवाजात शिपायास बोलिले, "दादा, एखादा खिळा मिळेल का? काम झालं की परत देतो."