जेवणावरचा चहा

लग्नाच्या पंगतीत शेजारी गणपतअण्णा येऊन बसले की आपल्या ताटावर आपला ताबा उरत नसे. भाजी वाढायचा अवकाश, अण्णा खिशातून लिंबू काढत, चिरत आणि आधी शेजाऱ्याच्या भाजीवर पिळत. विचारायची पद्धत नव्हती. कुणी परका दचकलाच तर वर समजूत घालत, "पावणं, पोटात गेलं म्हंजे अंगी लागलं असं न्हाय."

शिवाजी पेठेत आम्ही शेजारी. अण्णांचं मंगळवार पेठेत सायकलदुरुस्तीचं दुकान. बायको वारलेली, एकुलती एक लेक सुमन. कधीतरी आमच्या तालमीत एका डॉक्टरांचं भाषण झालं. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं, अण्णांनी धरून ठेवलं. पालेभाजीतलं लोह लिंबानं अंगात मुरतं, गाजराला तेला-तुपाची फोडणी हवी, वगैरे. हळदीच्या दुधात मिरी त्यांनी स्वतःच्या अधिकारात घातली होती. शंका काढली की म्हणत, "चेनला तेल न्हाय तर नुसतं पायडल मारून भागतंय व्हय?"

खरं वैर मात्र चहाशी. "भाजीतलं समदं लोखंड चहा गिळतोय. तासभर थांबा की! चहा काय पळून जातोय?" एकदा माझ्या घरी जेवणावर आलेला माझा कप त्यांनी सरळ मोरीत ओतला. आमच्या हिनं पुढे कित्येक दिवस त्यांना दार उघडलं नाही.

सुमनला कागलला दिली. शेतीचं घर, गोठाभर म्हशी, माणसं चांगली. पण जेवणं आटपायच्या आत चुलीवर चहाचं आधण. तिला दिवस राहिले आणि डॉक्टरांनी सांगितलं, रक्त फार कमी आहे, असंच राहिलं तर बाळंतपण जिवावर बेतेल. त्या दिवसापासून अण्णांचं लिंबू खिशातच राहू लागलं.

"व्याह्यांना सांगा की," मी म्हणालो.

"काय सांगू? तुमच्या चहानं माझी पोर वाळली म्हणू? बोलणी तिला बसतील. आन् जाऊन शेजारी बसावं, तर तिथलं पाणीबी चालत न्हाय."

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, अशी रीत. दुसऱ्याच्या ताटात हात घालणारे अण्णा या रीतीला मात्र पक्के होते.

एका रविवारी ते मला घेऊन एसटीनं कागलला गेले. बाहेरच्या सोप्यात टेकले आणि म्हणाले, "व्याही, भूक लागलीया. वाढा."

व्याही बघतच राहिले. आतून कुणीतरी पुटपुटलं, "लाज सोडली की बाप्यानं!" ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

"आन् एकट्याला घास उतरत न्हाय मला. सुमीला जवळ बसवा."

पाहुण्याचा शब्द कोण मोडणार? भाकरी आणि मेथीची भाजी आली. अण्णांनी लिंबू काढून लेकीच्या भाजीवर मुकाट पिळलं. भाषण नाही, चेनचं तेल नाही.

हात धुतो न धुतो तोच चहा आला. समोर विहीणबाई उभ्या. सुमनला नको म्हणायची सोय नव्हती. अण्णांनी आपला कप एका दमात संपवला आणि तिच्या हातातलाही काढून घेतला. "मला चहा लई लागतोय. एका कपानं भागत न्हाय."

विहीणबाई हसल्या. सुमननं मान वर केली नाही. मी आढ्याकडे बघत बसलो.

त्यानंतर अण्णांचं दुकान रोज दुपारी बंद दिसू लागलं. सुमन बाळंतपणाला माहेरी येईपर्यंत एसटीनं जायचं, लेकीशेजारी जेवायचं, दोन कप चहा प्यायचा आणि परत यायचं. कागलात त्यांना हावरा आणि चहाबाज म्हणत. पेठेत हे कुणाला पटलं नसतं.

सुमन सुखरूप सुटली. मुलगी झाली. बारसं कागललाच झालं, आम्ही पेठकरी झाडून गेलो. पंगत उठली तशा विहीणबाई कौतुकानं काठोकाठ भरलेला पितळी पेला घेऊन आल्या. "पावणं, तुमच्यासाठी मुद्दाम जास्तीचा केलाय."

पेठकरी श्वास रोखून बघत होते. अण्णांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"बेस झालाय," ते म्हणाले. "सुमीचा कपबी इकडंच आना."