गफूरचाचांचा खुतबा

जुम्म्याच्या नमाजाला अख्खी मशीद मौलानांकडे तोंड करून बसते. आमचे गफूरचाचा त्यांच्याकडे पाठ करून बसले. तेही पहिल्या रांगेत.

नेरळला चाचांचं गाद्या-उशांचं दुकान, शेजारी माझं घड्याळदुरुस्तीचं. मला इथे येऊन तीन वर्षं झाली, पण चाचांना गप्प बसलेलं मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकानं उशी मागितली की म्हणतात, "तू झोपतोस कसा ते आधी सांग, उशीचं मग बघू." गिऱ्हाईक बिचारं घरातली सगळी रडगाणी सांगतं आणि उशी न घेताच जातं. चाचांना त्याचं काही नाही.

तर पाठ का केली? शेजारच्या शेलू गावातल्या नव्या बिल्डिंगमध्ये सलीम नावाचा शिंपी राहायला आला होता. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. दर शुक्रवारी नमाजाला यायचा, मागे चपलांपाशी बसायचा आणि खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, चालू असताना पंख्याकडे बघत राहायचा. त्या दिवशी चाचांनी त्याला हाताला धरून पुढे आणलं, त्याच्यासमोर बसले आणि मौलाना बोलतील ते खुणांनी सांगायला लागले.

नमाज संपल्यावर मशिदीचे ट्रस्टी याकूबशेठ यांनी अंगणातच सुरुवात केली. "खुतब्यात बोलायचं नसतं. शेजाऱ्याला गप्प बस म्हणायचीबी मनाई हाय."

"मी कुठं बोललो?" चाचा म्हणाले. "तुमच्या कानात आलं काय?"

"हातवारे म्हंजे बोलणंच ना. वर मौलानांना पाठ."

सलीमला भांडण ऐकू येत नव्हतं, दिसत मात्र होतं. तो चपला शोधायला लागला. आता हा काही परत यायचा नाही, हे मला कळत होतं. फार वाईट वाटलं.

मौलाना वयानं तरुण. त्यांनी सलीमचा हात धरून ठेवला आणि एक गोष्ट सांगितली. पैगंबरसाहेब मक्केतल्या बड्या लोकांशी बोलत असताना एक अंध माणूस काही विचारायला आला. मध्येच आला म्हणून त्यांच्या कपाळाला आठी पडली. अंधाला ती दिसणं शक्यच नव्हतं. अल्लाहला दिसली, आणि त्यानं कुराणात पैगंबरांना टोकलं. पुढे तोच माणूस मदिनेत अजान द्यायचा.

"आणि आपण याला चपलांपाशी बसवतो," मौलाना म्हणाले. "चाचा, पुढच्या शुक्रवारपासून माझ्या बाजूला बसा, लोकांकडे तोंड करून. सलीम समोर."

याकूबशेठ स्वतःच्या चपला शोधायला लागले.

आता मौलाना दोन वाक्यं बोलतात आणि चाचांचे हात आटोपायची वाट बघतात. परवा ते सब्रवर, म्हणजे धीर धरण्यावर, मिनिटभर बोलले, चाचांचे हात पाच मिनिटं चालले. त्यात चाचांनी स्वतःचं किती घातलं, कुणास ठाऊक. याकूबशेठही हल्ली मौलानांकडे कमी आणि चाचांच्या हातांकडेच जास्त बघतात.

मी विचारलं, "चाचा, ही भाषा शिकलात कुठे?"

चाचा उशीत कापूस भरत होते. "तुजी चाची अशीच बोलायची ना. अठ्ठावीस वर्सं. भांडायची तर दोन्ही हातांनी." ते हसले. "तिला जाऊन सहा वर्सं झाली. तवापासून घरात एकटाच खुणा करतो. चा ठेवला, जेवलो, सगळं तिला सांगतो. बघायला कोण हाय?"

चाचा उशीचं तोंड शिवायला लागले.

"पयल्या दिवशी सलीमनं मला खूण केली," ते म्हणाले, "म्हातारबा, जरा हळू बोला. सहा वर्सांनी घरच्यासारखं कोणीतरी दटावलं रं मला."