खांबेट्यांचा ध्रुव

खांबेटे कुणाकडेही गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. "केसभर उजवीकडे हवं," म्हणायचे आणि मगच खुर्चीत बसायचे. आमच्या बोईसरच्या बैठ्या चाळीत त्यांचं नावच 'केसभर' पडलं होतं.

तारापूरच्या वीजघराचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी तिथे स्टोअरमध्ये. ते ड्राफ्ट्समन, साताऱ्याकडचे, आमच्या शेजारच्या खोलीत. अंगणात सिमेंटचा खांब उभारून त्यावर त्यांनी घरी बनवलेली दुर्बीण बसवली होती. घिवलीहून मासळी घेऊन येणाऱ्या जनाबाईनं विचारलं, "तोफ हाय काय ती, दादा?"

दुर्बिणीला कॅमेरा जोडून ताऱ्यांचे फोटो काढायचे, हा त्यांचा नाद. आकाश फिरतं तशी दुर्बीणही फिरवावी लागते. आणि ती ज्या दांड्याभोवती फिरते तो ध्रुवाच्या नेमक्या रोखानं बसला नाही, तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. खांबेट्यांच्या रेघाच उमटायच्या. पालघरच्या फोटोवाल्यानं एकदा "शेवया चांगल्या आल्यात" म्हणून फोटो हातात ठेवले.

अडचण आमच्या शेवग्याची होती. ध्रुव आपल्याकडे खालीच दिसतो, तो नेमका आमच्या फांदीआड. खांबेटे अंदाजानं दांडा लावत.

"वहिनी, तेवढी एक फांदी..."

"शेंगा धरल्यात हो," माझी बायको म्हणाली. "तुमच्या ताऱ्याची आमटी होते का?"

बिचारे रुसले नाहीत. खांब उपटून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. तिथून आमचं छप्पर आडवं आलं.

शेवटी बायकोलाच राहवेना. "भावजी, एवढी धडपड कशासाठी?"

"हिच्यासाठी," ते घराकडे बघत म्हणाले.

त्यांच्या पत्नी सुमतीबाई दिवेलागणीला दार लावून घेत, कुणाकडे जात नसत. आम्ही त्यांना शिष्ट समजत होतो.

"हिला रातांधळेपणा आहे, जन्मापासून. तारा कधी पाहिलाच नाही हिनं. दिवसा मात्र स्वच्छ दिसतं. म्हटलं, फोटो असला तर..."

बायको आत जाऊन कोयता घेऊन आली आणि फांदी स्वतःच तोडली.

खांब परत जागेवर आला. पुढच्या कितीतरी संध्याकाळी शेजारून "केसभर... अजून केसभर..." ऐकू येत होतं. मग एकदाचा पालघरहून कृत्तिकांचा फोटो आला. रेघा नाहीत, नुसते लखलखीत ठिपके.

सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून सुमतीबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला. एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"एवढे असतात?"

"याहून पुष्कळ."

"रोज?"

खांबेट्यांनी नुसती मान डोलावली.