रवळोजी नाइकांच्या उजव्या डोळ्याची हकीकत

श्रीदेवी गडावरी कृपावंत. धन्यांनी पुसिले जे, पूर्व बुरुजीचे नाइकांचा डोळा कैसा अधू जाहला ते यथास्थित लिहून पाठविणे. त्यावरोन जैसे घडले तैसे लिहिले असे. शके सोळाशे एकूणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरी, फाल्गुनमासी गनीम घाटाखाली आल्याची आवई उठली आणि रवळोजी नाईक टेहळणीस बुरुजी जाऊन बसले. नाइकांची नजर ऐशी की, दोन कोसांवरील घोडा ढवळा की काळा ते सांगावे. त्यांस आता चैन पडेना. वारा कोरडा, धूळ उडे, आणि नाईक पापणी न लववता खालील वाट पाहात, मग डोळे रखरखत, मग डाव्या हाती भाला धरोन उजव्या मुठीने उजवा डोळा करकरून चोळीत, आणि क्षणभर बरे वाटे, आणि लागलीच दुप्पट खाज सुटे. आठा दिवसांत डोळा गुंजेसारखा लाल जाहला, पापणी सुजली, उजेड सोसवेना.

नाइकांचा लेक मोहिमेवर गेलेला, घरी सून सगुणा. तिने सासऱ्यांचे डोळ्यांस थंडावा म्हणोन एरंडेलाचे दिव्यावर काजळ धरोन दिले होते. नाइकांचे मनी संशय शिरला जे, सुनेचे माहेर घाटाखाली, गनिमाचे वाटेवर. काजळात काही कालवले असावे. मग मागचेपुढचे न पाहता तिजला माहेरी लावून दिली. काजळ बंद जाहले, तरी डोळा अधिकच चिघळला, आणि नाईक बुरुजावर येरझाऱ्या घालीत, कोणी हाक मारिली तरी अंगावर जात.

मग किल्लेदारांनी बाळंभट वैद्यांस आणविले. वैद्यबोवांनी औषध काढिले नाही. सकाळपासोन बुरुजावर मुकाट बसोन राहिले, आणि नाइकांनी डोळा चोळिला की एक खडा बाजूस ठेवीत. दोन प्रहरी खडे मोजिले ते त्रेसष्ट भरले. नाइकांस खरे वाटेना. तेव्हा वैद्य म्हणाले, "नाईक, काजळ दोन्ही डोळ्यांत घातले होते ना? मग डाव्यास नुसती लाली कैसी? डावा हात भाल्यास गुंतला, म्हणोन तो डोळा वाचला."

मग समजाविले जे, बुबुळावरील पडदा फार नाजूक. डोळा सुकला की पापणीही त्यावर घासते, आणि वरोन मूठ. घासण्याचा मार बसला की शरीर जखम जाहली ऐसे समजते. विष नसता, कचरा नसता, रक्त तेथे धाव घेते, सूज चढते, सुजेने खाज आणि खाजेने पुन्हा मूठ. नाइकांनी मान खाली घातली आणि उजवा हात आपणच छातीशी बांधविला. नऊ दिवस ओली पट्टी, घडोघडी डोळे मिटणे, आणि खाज आली की नाईक दात खाऊन बसत, बांधल्या हाताची बोटे वळवळत. लाली गेली, सूज गेली. परंतु बुबुळावर पांढरे फूल राहिले. नाइकांनी स्वमुखे किल्लेदारांस सांगितले की टेहळणी दुसऱ्यास द्यावी, आणि तैसेच सुनेचे गावी गेले.

सगुणा अंगणात होती. नाईक म्हणाले, "केले माझ्या हाताने, आणि आळ तुजवर घातला."

ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही पुसले असते, तर तेच काजळ मी तुमच्यासमोर माझ्या डोळ्यांत घातले असते."

नाईक दोन दिवस अंगणातच बसोन राहिले. तिसरे दिवशी सकाळी तिने गाठोडे बांधिले आणि पुढे निघाली, आणि मागे नाईक. गडाचे चढणीस त्यांस पायऱ्यांचा अदमास येईना आणि दोनदा ठेच लागली. मग तिने मागे न पाहता चाल हळू केली, आणि म्हणाली, "पुढली पायरी उंच आहे." आणि माथ्यापावेतो दर पायरीस तैसेच सांगत गेली.

येणेप्रमाणे एक डोळा अधू जाहला, सून घरी आली, आणि गनीम त्या साली आलाच नाही. हकीकत इतकीच.