भाऊंचा विलायती कान

आमच्या घरी सत्यनारायण होता. आरती संपली, शेजारचे गजाननभाऊ तीर्थ घ्यायला पुढे आले आणि म्हणाले, "आरती तुमची अमेरिकन झाली."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय सांगणार? भाऊ भातसानगरला धरणाच्या कचेरीत कारकून. आमच्या दोघांच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत, आणि तिच्या पलीकडे सकाळ-संध्याकाळ इंग्रजी रॉकच्या कॅसेटी. तेही चाललं असतं, पण भाऊ समजावून द्यायचे. भरल्या ताटावरून उठवून मला दोन स्पीकरांच्या मधे स्टुलावर बसवायचे. ब्रिटिश बँड लागला की म्हणायचे, "खोली ऐक रे. ढोल पार तिकडं वाजतोय, आवाज भिंतीला लागून फिरून येतोय. देऊळ हाय देऊळ." मग अमेरिकन. "हा बघ, कोरडा ठाक. गाणारा नाकावर येऊन बसलाय." आमच्या घरात गाद्या, साड्या नि माणसं खच्चून भरलेली, आवाज घुमायला जागाच नाही, म्हणून आरती अमेरिकन. मला दोन्हीकडे दणदणाटच ऐकू यायचा. तसं सांगितलं की कॅसेट पुन्हा पहिल्यापासून.

एकदा माझ्या चुलतभावाच्या साखरपुड्याला आम्ही शहापूरहून मुरबाडला निघालो. जीपवाल्याने भाऊंना पाहून मोठ्या प्रेमाने कॅसेट लावली. नेमकी अमेरिकन, भाऊंनीच नकोशी झाली म्हणून त्याला देऊन टाकलेली. भाऊंनी थोडा वेळ सोसलं, मग जीप थांबवून रानातच उतरले. एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मीही उतरलो. दुसरी जीप मिळून पोचलो तेव्हा मांडवात पत्रावळी उचलत होते. बायको पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

पुढे काही वर्षांनी भिंतीपलीकडून वेगळंच वाजू लागलं. एवढ्या छळाने माझाही कान तयार झाला होता. अमेरिकन! आठवडा झाला तरी अमेरिकनच. मी जाब विचारायला गेलो.

वहिनी स्पीकरला खेटून वाल सोलत बसल्या होत्या. मी आत आलो तरी त्यांनी मान वर केली नाही. भाऊंनी हळू आवाजात सांगितलं, मागच्या तापात तिचा कान अधू झाला. ब्रिटिश लावलं की तिला सगळं एकात एक मिसळून नुसती घूं घूं ऐकू येते. ह्यातला माणूस मात्र जवळ बसून बोलल्यासारखा कळतो. इंग्रजी कळत नाय, पण शब्द सुटे लागतात.

तेवढ्यात वहिनींनी मला पाहिलं आणि जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "भावजी, हा बाबा चांगला गातो. ह्यांचे आधीचे नुसते केकाटायचे."

भाऊंनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "हो गो. चांगला गातो."